‘आला तसा पाठवला’ म्हटले की जबाबदारी संपते का?



घरच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, अगदी आपल्या सत्संगाच्या ग्रुपवरसुद्धा एक वाक्य रोज दिसते. "आला तसा पाठवला." कधी त्याच्या जोडीला असते, "खरे-खोटे माहीत नाही, पण काळजी घ्या." वाक्य साधे आहे, नम्रही वाटते. पण नीट बघा, या तीन शब्दांत आपण केवढी मोठी सुटका करून घेतो! मजकूर माझा नाही, तेव्हा त्याचे पापपुण्यही माझे नाही, असे आपण म्हणत असतो. ही सुटका खरी आहे का, एवढाच आजचा प्रश्न.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात रविवारचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेवर जगणारी, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली काही माणसे तिथे आली होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. जमावाला संशय आला. पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेपर्यंत मारले. ती माणसे कोणाचेही मूल न्यायला आली नव्हती.

पुढे दोन आठवडेही झाले नाहीत. १३ जुलैला आपल्या हैदराबादहून काही तरुण बीदर जिल्ह्यात गेले होते. वाटेत त्यांनी लहान मुलांना चॉकलेट दिली. लोकांना शंका आली, त्यांचा व्हिडिओ पुढच्या गावांकडे धावला, आणि मुरकी गावाजवळ जमावाने गाडी अडवली. एक तरुण इंजिनिअर जिवानिशी गेला. मुलांना खाऊ देणे हा आपल्याकडे कौतुकाचा विषय. मेसेजने आधीच भीती पेरून ठेवली होती, म्हणून तोच खाऊ पुरावा ठरला.

त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणारे मूल उचलून नेतात, असा. तो मुळात पाकिस्तानातल्या कराचीत, पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम तयार केलेला होता. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला, आणि चांगल्या हेतूने केलेली गोष्ट विष झाली.

आपल्याकडे ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आनंदीबाईंनी पत्रातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, असे त्याबद्दल सांगतात. त्या कथेत दोष अक्षर बदलणाऱ्याला लागतो, पत्र नेणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही. आपणही मनात तेच धरून बसतो, की शेवट कापणारा दोषी आणि आपण नुसते जासूद. पण जासूद बंद लखोटा न्यायचा. आत काय आहे ते त्याने वाचलेले नसे, आणि कोणाकडे न्यायचे हेही त्याच्या हातात नसे. आपण मेसेज उघडतो, वाचतो, मनात काहीतरी हलते, मग कोणाला पाठवायचा ते आपणच निवडतो आणि बोट दाबतो. इतके सगळे केल्यावर टपालवाल्याचा आडोसा घेता येईल का?

मला वाटते, आपली जागा जामीनदाराची आहे. पतपेढीत कर्ज दुसरा घेतो, आपण फक्त सही करतो. पण पतपेढी ते कर्ज देते कशावर? आपल्या सहीवर. हप्ते थकले की नोटीस आपल्याही घरी येते. "मी नुसती सही केली होती" हे तिथे चालत नाही. मेसेजचेही तसेच आहे. अनोळखी नंबरवरून आला तर मावशी तो बाजूला टाकतील. तोच तुमच्याकडून आला की म्हणतील, "आमच्या भाऊंनी पाठवलाय, खरंच असणार." त्यांचा विश्वास मजकुरावर नसतो, तुमच्यावर असतो. तुमची वर्षानुवर्षांची पत त्या मजकुराला मिळाली, म्हणूनच तो पुढे सरकला.

यावर कोणी म्हणेल, "अहो, पण हेतू चांगला होता. खरे निघाले असते तर एखादे मूल वाचले असते. सावध केले तर बिघडले काय?" हा युक्तिवाद प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे. सावधगिरी फुकट नसते. तिची किंमत कोणीतरी मोजतोच, आणि बहुतेक वेळा ती पाठवणारा मोजत नाही. मोजतो तो परका माणूस: दारोदार फिरणारा भिक्षेकरी, वेगळी भाषा बोलणारा मजूर, गाव बघायला आलेला पाहुणा. राईनपाड्यात मारणाऱ्यांना पोलिसांनी पकडले. पण ती भीती गावोगाव पोचवणारे हजारो हात त्या रात्री घरी शांत झोपले असतील, मनात थोडे समाधानही असेल, की आपण लोकांना सावध केले. चांगला हेतू आपल्या मनाला पुरतो, समोरच्याच्या जिवाला पुरत नाही.

दुसरी अडचण वडीलधाऱ्यांची. "आम्हाला कुठे तपासता येतं? नातवाला विचारावं तर त्याला वेळ नाही." खरे आहे. पण तपासता येत नसेल तर पाठवलेच पाहिजे, असे थोडेच आहे? न पाठवायला कसली विद्या लागत नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे: बोलणे कोणाला उद्विग्न न करणारे, खरे, प्रिय आणि हिताचे असावे. आज आपले अर्धे बोलणे बोटांनी होते, तेव्हा ते तप बोटांनाही लागू आहे.

जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या मेसेजवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. याने वेग कमी होतो, विवेक येत नाही. पाच ठिकाणी पाठवता येते म्हणून पाठवावे, असे नाही.

आता थोडे आपल्या घरातले. महाराजांचा फोटो, खाली एक छान वाक्य, आणि आपण हात जोडून ते पुढे पाठवतो. महाराज ते कधी, कुठे बोलले, हे कोणी विचारते का? वाक्य चांगले आहे म्हणून ते त्यांचे होत नाही. आपल्या गुरूंच्या तोंडी परक्याचे शब्द घालणे हीसुद्धा खोटी सहीच आहे. भक्तीच्या नावाखाली इथे ढिलाई केली, तर भीतीचा मेसेज आल्यावर विवेक कुठून आणणार? सवय तीच ना!

म्हणून पाठवण्याआधी स्वतःला एकच विचारावे: याखाली माझे नाव लिहून मी सही करीन का? उत्तर ‘नाही’ असेल तर तो आपल्यापाशीच थांबू द्यावा. आणि पाठवलेले खोटे निघाले, तर गुपचूप पुसून टाकू नये. ज्या ग्रुपवर टाकले त्याच ग्रुपवर, तितक्याच ठळकपणे, "हे खोटे आहे" असे लिहावे. जामीनदाराने कर्ज फेडणे म्हणजे हेच.

या आठवड्यात आपापल्या फोनवर हे करून पाहावे, ही नम्र विनंती.

॥ जय गुरुदेव ॥