साध्यासाध्याची सीमारेषा

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मोडलेल्या आणि निखळलेल्या हाडांचा एक अध्याय आहे. बारा प्रकारची कांडभग्ने आणि सहा प्रकारचे संधिमुक्त यांची सूक्ष्म गणना करणारे आचार्य त्यात एका जागी हात आखडता घेतात. कटिप्रदेशातील कपालास्थी, म्हणजे तिथली चपटी अस्थी, दुभंगली, तिथला सांधा सुटला वा ढळला, जघनभागाचा चुरा झाला, तर चिकित्सकाने तो रुग्ण वर्ज्य मानावा, असे त्यांचे सांगणे आहे. छेदलेले नाक नव्याने घडवण्याचे धाडस ज्या ग्रंथाने केले, त्यानेच खुब्यापाशी थांबावे, हे मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे. जिथे दृष्टी पोहोचत नाही तिथे हात घालायचा नाही, हा त्या थांबण्यामागचा विवेक असावा. आणि पुढच्या सगळ्या शतकांचा इतिहास जणू त्या एका मर्यादेशी चाललेला दीर्घ संवाद आहे.

ती जागाच तशी दुर्गम. मांडीच्या हाडाचा गोल माथा जिच्यात फिरतो ती खुब्याची वाटी तीन अस्थींच्या संगमावर घडलेली असते. बालपणी त्या अस्थींमध्ये कूर्चेची रेघ असते आणि पौगंडावस्थेत ती विरून तिन्ही एकजीव होतात. पुढून पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, मागून बोटाएवढी जाड गृध्रसी नाडी, आतल्या अंगाला मूत्राशय, आणि या सर्वांवर स्नायूंचे थरावर थर. देहाने आपला हा मोठा भारवाही सांधा असा खोल अंतःपुरात ठेवला आहे. आपण चालतो, वाकतो, मांडी घालून बसतो, तेव्हा त्या वाटीची आठवणही होत नाही. निरोगी देहाची थोरवी बहुधा या विस्मरणातच असते.

म्हणून फार मोठ्या कालखंडात या वाटीच्या अस्थिभंगाचा उपचार म्हणजे प्रतीक्षा. सुश्रुतानेही चिकित्सास्थानात पायांच्या आणि कटीच्या भग्नांसाठी कपाटशयन सांगितले आहे: रुग्णाला फळीवर निजवायचे आणि पाच खुंट्यांच्या आधाराने त्याचे अंग निश्चल ठेवायचे. विसाव्या शतकाच्या मध्यावर फळीची जागा लोखंडी पलंगाने आणि खुंट्यांची जागा दोरी, कप्पी आणि वजनांनी घेतली होती. मूळ कल्पना तीच राहिली. लहानपणी सरकारी इस्पितळाच्या वॉर्डात पायाला वजन लावलेली माणसे मी पाहिली आहेत. पलंगाचा पायथा विटांवर उचललेला, नडगीतून आरपार गेलेली सळई, आणि छताकडे लागलेली ती नजर, जिच्यात आठवडे आणि महिने यांतला भेद मावळून गेलेला असे. १९६१ साली बोस्टनच्या रो आणि लोवेल या शल्यविशारदांनी अशा रुग्णांचा धांडोळा घेतला, तेव्हाही उपचाराचा कल मुख्यतः हाड न उघडता सांभाळण्याकडेच होता. वाटीचा वरचा, भार पेलणारा घुमट शाबूत आहे का, यावर भवितव्य ठरते, हे मात्र त्यांनी स्पष्ट पाहिले. काळ हाड जोडतो, पण सांध्याच्या गुळगुळीतपणाशी त्याला देणेघेणे नसते. वाकडे जुळलेले हाडही जुळलेलेच असते. त्याची किंमत पुढे प्रत्येक पावलाला मोजावी लागते.

ही प्रतीक्षा संपवणारी क्रांती प्रथम डोळ्यांत झाली, हातात नंतर, आणि या कथेत मला सर्वाधिक मोहवते ते हेच. न्यूफाउंडलंडजवळच्या सँ-पिएर या चिमुकल्या फ्रेंच बेटावर १९२७ साली जन्मलेले एमिल लतुर्नेल पॅरिसमध्ये रोबेर झ्यूदे यांच्या हाताखाली शिकले. क्ष-किरणचित्र तीन मितींचे हाड एका पडद्यावर सपाट करून टाकते. पुढची कड, मागची कड, घुमट, सारे एकमेकांवर पडलेल्या सावल्यांसारखे गुंतून जाते. लतुर्नेल यांनी या सावल्यांची भाषा लावायला घेतली. सुकी हाडे हाती घेऊन चित्रातली कोणती रेषा हाडाच्या कोणत्या पृष्ठातून उमटते याचा त्यांनी शोध घेतला, आणि रुग्णांच्या भंगाच्या रेषा त्या हाडांवर रेखल्या. रुग्णाला एकदा या कुशीकडे आणि एकदा त्या कुशीकडे ४५ अंशांनी कलते करून घेतलेल्या दोन चित्रांत, सरळ चित्राने लपवलेले उघडे झाले. वाटी दोन स्तंभांच्या बेचक्यात तोललेली आहे, एक पुढचा, एक मागचा, हे त्यांना दिसले. आणि वरवर अनंत भासणारी मोडतोड पाच मूळ आणि पाच संयुक्त अशा दहा प्रकारांत मांडता आली. झ्यूदे बंधू आणि लतुर्नेल यांचा तो निबंध १९६४ साली प्रसिद्ध झाला. साठ वर्षे उलटली, यंत्रे बदलली, तरी या वाटीविषयी शल्यविशारद आजही त्याच दहा नावांनी बोलतात. ज्ञानाचा पहिला उपकार वर्गीकरणाचा असतो: अरिष्टाला आकार मिळाला, की त्याच्यासमोर उभे राहता येते.

त्या वर्गीकरणामागे आणखी एक जाण आहे, जिच्यापाशी मी वारंवार रेंगाळतो. आघाताच्या क्षणी मांडी किती दुमडलेली होती, आत वळलेली होती की बाहेर, जोर गुडघ्यातून आला की कमरेच्या बाजूने, यावर भंगाची रेषा ठरते. मोटारीत बसलेल्या माणसाचा गुडघा समोरच्या डॅशबोर्डवर आदळतो आणि मांडीच्या हाडाचा माथा वाटीची मागची भिंत फोडून बाहेर पडतो. कुशीवर पडलेल्याची मोड निराळी. भंग हा एका निमिषाचा शिलालेख आहे. ज्या क्षणाची रुग्णालाही शुद्ध नसते, तो त्याच्या अस्थींनी लिहून ठेवलेला असतो, आणि तो वाचता आल्याखेरीज पुसता येत नाही.

दृष्टी आली, मग हाताला वाटा सापडल्या. मागच्या बाजूने जाणारा मार्ग जुन्या शल्यविशारदांनी घालून दिला होताच. १९६० च्या दशकात लतुर्नेल यांनी जांघेवरून, रक्तवाहिन्यांना अलगद बाजूला घेत पुढच्या स्तंभापर्यंत पोहोचणारा मार्ग घडवला. त्यांचे शिष्य जोएल मॅटा यांनी अमेरिकेत हे शास्त्र रुजवले आणि यशाचे माप मिलिमीटरमध्ये ठरवले: तुकड्यांमधला फरक एका मिलिमीटरपर्यंत राहिला तरच वाटी यथामूल बसली म्हणायचे. तीन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या २६२ अस्थिभंगांचा १९९६ साली त्यांनी मांडलेला लेखाजोखा सांगतो, की इतक्या सिद्धहस्त माणसालाही हे शंभरातल्या सुमारे ७१ वेळा साधले. हा आकडा मला नम्र करतो. आज संगणकीय छेदचित्रांवरून रुग्णाच्या हाडाची प्रतिकृती छापून, तिच्यावर प्लेट आधीच वाकवून घेता येते. ओटीपोटाच्या मध्यातून आत शिरणारे, कमी चिरफाड करणारे मार्गही रुळले आहेत. तरीही अखेरचा मिलिमीटर बोटांच्या अनुभवावर सोडावा लागतो. कारागिरीचा कुठलाही प्रांत असो, तिथे साधनांची वाढ आणि हाताची साधना यांचे नाते असेच राहते.

आणि मग, सारे हाती आल्यासारखे वाटत असताना, रुग्णच बदलला. एकेकाळी ही दुखापत वेगाने आदळलेल्या तरुणांची होती. आता आयुर्मान वाढले, आणि घरातल्या घरात, उंबऱ्यापाशी वा न्हाणीघरात तोल जाऊन पडलेली वृद्ध माणसे या वाटीचा भंग घेऊन येऊ लागली. मॅटा यांच्याच रुग्णांच्या नोंदींवर आधारित, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९८० ते २००७ या काळात साठीपुढच्या रुग्णांचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढलेले दिसले. त्यांचे हाड विरळ झालेले. स्क्रू त्यात धरत नाही. तिथे मिलिमीटरचा आदर्श आपसूक प्रश्नांकित होतो. काही जणांत भंग सावरून त्याच बैठकीत कृत्रिम सांधा बसवतात; काहींना शस्त्रक्रियेवाचून लवकर उठवून आधाराने चालते करणे अधिक श्रेयस्कर ठरते, कारण अंथरूण हेच म्हातारपणाचे सर्वांत मोठे संकट. लतुर्नेल यांनीच ओळखलेली एक विलक्षण गोष्ट या निर्णयात साहाय्य करते: दोन्ही स्तंभ मोडले, तरी कधी कधी सुटे झालेले तुकडे गोल माथ्याभोवती आपणहून पुन्हा जमतात, आणि मूळ जागी नसले तरी परस्परांशी सुसंगत राहतात. अशी वाटी न उघडताही चांगली चालू शकते.

म्हणजे हात मागे घेण्याचा पर्याय पुन्हा समोर आला आहे, पण तो पूर्वीचा नव्हे. पूर्वीचा संयम असमर्थतेतून आला होता. हा समर्थाचा संयम आहे, आणि म्हणून अधिक कठीण. जे करता येत नाही ते न करण्यासाठी प्रामाणिकपणा पुरतो. जे करता येते ते न करण्यासाठी समोरच्या माणसाला ओळखावे लागते. त्याला देवळापर्यंत चालत जायचे आहे, की नातवाला उचलून घ्यायचे आहे, की केवळ वेदनेविना रात्र काढायची आहे, हे कोणत्याही छेदचित्रात दिसत नाही. साध्य आणि असाध्य यांची सीमारेषा शतकानुशतके हाडावर शोधली गेली. ती त्या हाडाच्या धन्याच्या आयुष्यातूनही जाते, हे आजच्या वैद्यकाला उमगू लागले आहे. मला ही उमज मिलिमीटर जिंकण्याइतकीच मोठी वाटते, कारण तिच्यात शस्त्र हाती असलेल्या माणसाला आधी ऐकावे लागते.