वही एकटीची नव्हे



कुटुंबनियोजनाची साधने आज जवळजवळ प्रत्येक विवाहित स्त्रीला ठाऊक आहेत. पण ठाऊक असणे वेगळे आणि ठरवता येणे वेगळे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पुरुष नसबंदी 0.3 टक्के! पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, तरी टेबलावर जाते ती पत्नीच.

ख्रिस्तसभेला नसबंदी मान्य नाही, हे आपण जाणतो. परमगुरू पॉल सहावे यांनी 1968 साली 'हुमाने विते' या परिपत्रकात कृत्रिम साधने नाकारली. मात्र गंभीर कारण असल्यास पतिपत्नीने निसर्गचक्र पाहून मुलांत अंतर ठेवावे, हेही त्यांनीच मान्य केले. जोडीदाराची स्थिती व रास्त इच्छा न पाहता लादलेला संबंध म्हणजे प्रेम नव्हे, हेही त्यातच आहे. हा भाग आपण फारसा वाचत नाही.

बिलिंग्ज पद्धतीत स्त्री आपल्या स्रावाच्या खुणा रोज वहीत टिपते. (देवळाच्या पत्रकात हा शब्द वाचून कोणी दचकू नये, शरीर देवानेच घडवले आहे.) पण सुपीक दिवसांत नवऱ्याने संयम पाळला नाही, तर त्या वहीचा काय उपयोग? पुन्हा दोष तिलाच!

विवाहपूर्व शिबिरात या विषयाला वधू लिहून घेतात, वर खिडकीबाहेर पाहतात. यापुढे वही आपण दोघांच्या हाती देऊ. आणि पत्नी डॉक्टरांकडे आत गेली असताना पतीने बाहेर स्कूटरवर बसून राहू नये.