तबेल्यातले मांजर आणि आपली अहिंसा

सुरतेत लग्नाच्या वरातींसाठी घोड्या पाळणाऱ्या एका परिचितांच्या तबेल्यात मी अधूनमधून जाऊन बसतो. चार घोड्या आणि तीन मांजरी असा तेथला परिवार. चंदीच्या वासाने उंदीर येतात. हरभरा खातात थोडा, घाण करून नासवतात अधिक. शिवाय खोगिराचे आणि लगामाचे कातडे कुरतडतात. “साहेब, विष ठेवायला मन धजत नाही. जीवहत्येचे पाप कोण घेणार? म्हणून मांजरी ठेवल्या,” असे मालक एकदा म्हणाले आणि मी विचारात पडलो. पाप खरोखर टळले, की ते केवळ मांजरीच्या खात्यावर चढले?

उंदीर हा क्षुल्लक विषय नव्हे, हे सुरतकरांना सांगावे लागत नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो माणसे हे शहर सोडून गेली. दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस डोके वर काढतो. त्याचे जंतू उंदरांच्या मूत्रातून पसरतात आणि घोड्यांना त्यापायी डोळ्यांचा पुन्हा पुन्हा उलटणारा विकारही जडतो. विष घालावे, तर विषारी उंदीर खाऊन मांजर किंवा घुबडही मरते. तेव्हा तबेल्यात मांजर असणे शहाणपणाचेच आहे. परंतु शहाणपण आणि निर्दोषपण या दोन गोष्टी वेगळ्या.

येथे एक जुनी हकीकत आठवते. जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने १६८९ च्या आपल्या सुरत-प्रवासाच्या वृत्तांतात येथील जनावरांच्या रुग्णालयाचे वर्णन केले आहे. ढेकूण-पिसवांसाठीही एक जागा राखलेली असून, त्यांना रक्त मिळावे म्हणून एखाद्या गरिबाला पैसे देऊन तेथे रात्रभर निजवीत, असेही तो लिहितो. परक्याच्या लेखणीत अतिशयोक्ती असेल. पण त्यातील बोच खरी आहे. दया एकाची आणि रक्त दुसऱ्याचे!

या बाबतीत मीही स्वच्छ नाही. नोकरीत असताना झोपड्या हटवण्याच्या आदेशावर मी सही केली आणि प्रत्यक्ष जागेवर कनिष्ठांना पाठवले. शिव्याशाप त्यांनी ऐकले. मला मात्र रात्री शांत झोप लागली. हात न मळणे म्हणजे हात निर्मळ असणे, असे मी तेव्हा धरून चाललो होतो.

मांजर उंदीर मारते तो तिचा स्वभाव. त्यासाठी तिला नेमतो तो आपला निर्णय. म्हणून त्या निर्णयाचे ऋण आपल्याकडे राहते. आधी चंदी घट्ट झाकणाच्या लोखंडी पेटीत ठेवावी, म्हणजे उंदीर मुळातच कमी येतील. ‘उपाशी मांजर अधिक शिकार करते’ ही समजूत सोडावी. शिकारीची ऊर्मी केवळ भुकेवर अवलंबून नसते आणि पोटभर खाणारे मांजर जागाही सहसा सोडत नाही. तिला रेबीजची लस टोचावी, तिची शस्त्रक्रिया करून घ्यावी. नाहीतर उद्या नको असलेली पिले रस्त्यावर सोडण्याचे नवे पाप उभे राहते.

हे सारे मी मालकांशी बोललो. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे पाप माझेच, असे ना?” मी म्हटले, “निम्मे माझेही. वरातीत मीही मिरवलो आहे.”

गेल्या खेपेस चंदीची नवी पेटी दिसली. गव्हाणीत एक मांजर निजले होते आणि घोडी त्याला न दुखवता शेजारचे गवत ओढून खात होती.