चिमण्या मारणारा मुलगा

मुलांच्या आवडींबद्दल आपल्याकडे दोन सल्ले ठरलेले आहेत. जुना सल्ला म्हणजे दहावी-बारावी होईपर्यंत हे सगळं गुंडाळून ठेव. नवा सल्ला म्हणजे आवडेल तेच कर, पैसा मागून येईल. मला दोन्ही उथळ वाटतात. लहानपणची आवड माणसाला कशी घडवते, हे समजून घ्यायचं तर पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचं आयुष्य पाहावं.

1896 साली जन्मलेला, आईवडिलांविना मुंबईत मामांच्या घरी वाढलेला हा मुलगा छर्‍याच्या बंदुकीने चिमण्या मारत असे. तेव्हाची त्याची एक नोंद आहे. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर राखणीला. पोराने नर टिपला. थोड्या वेळाने पाहतो तर तिथे दुसरा नर हजर! सात दिवसांत असे आठ नर त्याने मारले. वाचताना अंगावर काटा येतो. पण बंदूक तेव्हा पुष्कळ मुलांच्या हाती होती. मादीला दर वेळी नवा जोडीदार मिळतो, ही गोष्ट टिपून ठेवावी असं या एकाला वाटलं.

पुढे त्याने मारलेली एक चिमणी वेगळी निघाली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी त्या बुजर्‍या पोराला पक्ष्याचं नाव तर सांगितलंच, शिवाय पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खणामागून खण उघडून दाखवले. वाचायला पुस्तकं दिली, पक्ष्याचं कातडं सोलून ते टिकवायचं कसं, हे शिकण्याची सोय केली. माझ्या मते सलीम अलींच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा प्रसंग हाच. आवड मुलाची स्वतःची होती, पण तिला शिस्त लागते हे त्याला तिथे कळलं.

वाट मात्र सरळ नव्हती. कॉलेज अर्धवट सुटलं. मग ब्रह्मदेशात घरच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यापार. त्यात जीव रमला तो रानातल्या पाखरांत. मुंबईच्या संग्रहालयात नोकरी मिळाली, पुढे बर्लिनला जाऊन प्रोफेसर स्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिक्षण झालं, आणि 1930 मध्ये परत येऊन पाहतात तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली. तेव्हा ते पत्नी तहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. नर घरटं अर्धवट विणतो. मादी येऊन पारखते, पसंत पडलं तर आत राहते. मग नर ते पुरं करतो आणि दुसर्‍या मादीसाठी नवं घरटं विणायला घेतो. हे सलीम अलींनी तासन्‌तास निरखून मांडलं आणि त्यांचं नाव झालं.

तबेल्यातल्या पोराचं कुतूहलही हेच होतं: पाखरांच्या जोड्या जमतात कशा? मधल्या काळात बदलली ती रीत. मारून पाहणारा मुलगा आता न हलता, न छेडता पाहायला शिकला होता. आवडीशी इमान राखणं मी याला म्हणेन. गरजेपुरते नमुने ते पुढेही मारत राहिले, हेही खरं. पण पाहण्याची मुख्य शिस्त आता धीराची होती.

यात घरच्या सुबत्तेचा आणि तहमिनाबाईंच्या साथीचा वाटा मोठा आहे. नोकरी गेल्यावर प्रत्येकाला किहीम परवडत नाही. म्हणूनच कमावण्याची निकड असलेल्या पोराला ‘फक्त आवडेल तेच कर’ असं सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं. त्याने पोटासाठी दुसरं काम जरूर करावं. आपला प्रश्न मात्र वहीत जिवंत ठेवावा.

आणि आपण मोठ्यांनी मिलार्डांचं काम करावं. मूल दगड, किडा, जुनं नाणं घेऊन आलं आणि आपल्याला उत्तर ठाऊक नसलं, तर त्याला घेऊन जवळच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांकडे, संग्रहालयात, जाणत्या शेतकर्‍याकडे जा. या सुट्टीतच जा.