निरोप दिला म्हणजे काय?

“मी सांगितलं होतं!” ह्या एका वाक्यावर आमच्या घरातले निम्मे खटले निकालात निघतात. सांगणारा सुटतो, ऐकणारा अडकतो.

परवा संगणकवाल्या भाच्यानं हा कायदाच मोडीत काढला. युनिक्सच्या ‘सिस्टिम फाइव्ह’मध्ये १९८०च्या दशकात ‘स्ट्रीम्स’ नावाची सोय आली. प्रोग्रॅमनं ‘पुटमेसेज’ म्हटलं की ऑपरेटिंग सिस्टिम त्याचा निरोप प्रवाहात सोडते. पुढे रांग तुंबली असेल तर प्रोग्रॅम ताटकळतो. निरोपावर तातडीचा शिक्का असला तर मात्र थेट आत! जमलं तर उत्तर शून्य, फसलं तर उणे एक. (शून्यावर पास करणारी शाळा आमच्या वेळी कुठे होती?)

“म्हणजे शून्य आलं की निरोप पोचला!”

“छे हो मामा! सिस्टिमनं ठेवून घेतला, एवढंच. पलीकडच्यानं ‘गेटमेसेज’ म्हणून तो उचलला का, हे ह्याला काय ठाऊक?”

मी गप्प झालो. १९७८ साली चाळीत फोन फक्त आमच्याकडे. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांची बहीण अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. दाराला कुलूप. मी चिठ्ठी फटीतून सरकवली आणि खाली येऊन स्वस्थपणे जेवायला बसलो. माझं शून्य मला मिळालं होतं. चिठ्ठी गेली पायपुसण्याखाली. सापडली तिसऱ्या दिवशी. मास्तर एवढंच म्हणाले, “तुम्ही कळवलंत हो.”

“आणि पोच हवी असेल तर रे?”

“ती पलीकडून मागवून घ्यायची. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं.”

रात्री पुन्हा एकदा वर जाऊन यायला जिना अवघा अठरा पायऱ्यांचा होता.