भाकडांचा ताळेबंद

बी. कॉम. झालेल्या आणि वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या माणसाला तत्त्वज्ञान झेपत नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. ‘येणे किती आणि देणे किती’ हा प्रश्न आम्ही रोज सोडवतो. ऋषिमुनींनी तोच अरण्यात बसून सोडवला, एवढाच फरक. त्यांना अर्थात दुसऱ्यांची पासबुकं भरून द्यावी लागत नव्हती.

पण माझ्यापुरता सगळ्यात अवघड प्रश्न तेरला, आमच्या मामांच्या गोठ्यात, दावणीला बांधलेला आहे. तिचं नाव तांबडी. लाल कंधारीच्या वळणाची, पण गावठी मिसळ असलेली, चणीनं लहान गाय. वजन असेल अडीचशे किलो. तीन वर्षांपासून भाकड आहे. दूध नाही, वासरू नाही, आणि यापुढे व्हायची आशाही नाही. दरसाल येळवशीला मी किरकोळ रजा टाकून तेरला जातो, शेतात बसून भज्जी, उंडे आणि आंबील हाणतो, आणि पोटाला तडस लागली की शतपावली म्हणून गोठ्याकडे वळतो. तिथं तांबडी रवंथ करीत माझ्याकडे पाहते. जिच्याकडून आता काही मिळायचं नाही, तिला हिवाळाभर खाऊ का घालायचं?

तेर हे काही साधंसुधं गाव नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात ते ‘तगर’ म्हणून आलंय. इथलं कापड गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, थेट भडोचच्या बंदराला जात असे. त्या व्यापारातली हस्तिदंती बाहुली आज लामतुरे वस्तुसंग्रहालयात काचेच्या पेटीत दिमाखात उभी आहे. त्या गाड्या ज्यांनी ओढल्या त्यांचा मात्र संग्रहालयात पत्ता नाही. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही बैलांचा हिशेब असाच अर्धवट राहिला होता.

हिवाळा म्हणजे गोठ्याचा मार्च एंड. शाळू शेतात उभा असतो, नवा कडबा पदरात पडायला फाल्गुन उजाडायचा, आणि मागच्या सालची गंज रोज वीतभर उतरत असते. दिवाळीपर्यंत बांधावर हिरवं गवत मिळतं, पुढे तेही वाळतं. मग सोयाबीनचं भुस्कट, तुरीचं भुस्कट आणि ऊसतोड सुरू झाली की वाढं. नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवलं तर त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल अंगातला चुना खातं, म्हणून मामा वर चुन्याची निवळी पाजतात. थंडीच्या रात्री जाडीभरडी वैरण संध्याकाळी टाकायची, कारण ती पोटात आंबताना ऊब देते. थोडक्यात, जनावराची शेगडी त्याच्या पोटातच असते, आपण फक्त सरपण घालायचं. शिवाय मिठाची चिमूट, कोमट पाणी आणि पाठीवर गोणपाट. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात जन्मतःच नसतात. तांबडीचे खालचेही झिजलेत. सबंध पेंढी टाकली तर तिचं नुसतं चघाळ होतं. म्हणून फक्त तिच्यासाठी मामा कडब्याची कुट्टी करतात.

हे सगळं पाहून माझ्यातला कॉमर्स पदवीधर जागा होतो. जनावराला वजनाच्या अडीच टक्के कोरडा चारा लागतो असं धरलं, तर तांबडीला रोज सव्वासहा किलो. चार महिन्यांचे साडेसातशे किलो! लहान चणीची म्हणून एवढ्यावर भागतं. संकरित होल्स्टीन असती तर दुपटीच्या वर गेलं असतं. तरीही जमेच्या बाजूला शेणाच्या पाट्या सोडल्या तर शून्यच. बँकेत नव्वद दिवस हप्ता आला नाही की कर्ज ‘अनुत्पादक’ ठरतं. तांबडीनं तर तीन वर्षं थकवली आहेत.

हिशेबाच्या शास्त्राला हा प्रश्न नवा नाही. जैविक मालमत्तेची किंमत, म्हणजे बाजारभाव वजा विकण्याचा खर्च, असं लेखामानक सांगतं. १९६१ च्या आयकर कायद्याच्या छत्तिसाव्या कलमात तर धंद्यातलं जनावर मेलं किंवा ‘कायमचं निरुपयोगी’ झालं, तर त्याच्या खरेदीच्या किमतीतून त्याचे किंवा त्याच्या सांगाड्याचे जे काही पैसे आले ते वजा करून उरलेली रक्कम खर्ची टाका, अशी सोय होती. मामांना हे मी उत्साहानं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “आन् कायद्यात मानसाचं कलम कितवं रे?”

मामा शहात्तर वर्षांचे आहेत. त्यांचा थोरला मुलगा पुण्याहून फोन करतो, “दादा, ही गाय परवडत नाही. गोशाळेत देऊन टाका आणि तुम्ही दोघं इकडं या.” मुलगा वाईट नाही, पैसे वेळेवर पाठवतो. पण त्याच्या सदनिकेत एक कुत्रा आहे. त्याला पाकिटातलं खाणं लागतं, डॉक्टर लागतो, थंडीत स्वेटर लागतो. तो दूध देत नाही, नांगर ओढत नाही, आणि चोर आला तर आधी त्याच्याशी दोस्ती करील. त्याच्याबद्दल ‘परवडत नाही’ असं कुणी म्हणत नाही. असं का? यावर मी बरेच दिवस डोकं खाजवलं, तेव्हा उलगडा झाला. ज्यानं कधी काही दिलंच नाही, त्याला कुणी भाकड म्हणत नाही. तो शब्द देणाऱ्यांसाठीच राखीव आहे!

मग मी कृतज्ञतेचा मुद्दा काढला. म्हटलं, “मामा, तिनं इतकी वर्षं दिलं, म्हणून तुम्ही तिला पोसता.”

“दिलं कुठं रे?” मामा म्हणाले. “आपन काढून घेतलं. तिला खुट्याला बांधून, वासरू वढून. ‘दिलं’ म्हनलं की आपल्याला बरं वाटतंय, एवढंच.”

माझ्या ताळेबंदाचं मथळ्यापासून सगळंच बदललं. मी जिला दानधर्म समजत होतो ती थकबाकी निघाली. पगार आपण कामाच्या काळात पुरता दिला नाही, तो आता हप्त्यानं चुकवायचा.

पण एवढ्यानं प्रश्न मिटला असता तर तो तत्त्वज्ञानाचा कशाला राहिला असता? गंज एकच असते. तांबडीच्या तोंडात गेलेली पेंढी दुभत्या गाईच्या, वाढत्या कालवडीच्या तोंडातून जाते. २०१६ च्या दुष्काळात जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या, तेव्हा ही दया किती महाग असते ते गावानं पाहिलं. शहरात हे कळत नाही. तिथं देवळाबाहेर गाय घेऊन बसलेल्या बाईला दहा रुपये दिले, की तिचाच चारा तिच्याच गाईला घालून पुण्य आपल्या खात्यावर जमा होतं. गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्यानं आली, २०१५ मध्ये बैलही त्यात आले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारनं देशी गाईला ‘राज्यमाता’ म्हटलं आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी रोजी पन्नास रुपये देऊ केले. पण घरच्या दावणीला असलेल्या तांबडीचं त्यात खातं नाही. मारायचं नाही यावर सगळ्यांचं एकमत आहे. खायला कुणी घालायचं, यावर मात्र मामांचंच एकट्याचं.

मामांनी यावर काढलेली तोड मला कुठल्याही अर्थशास्त्रापेक्षा मोठी वाटते. सरकीची पेंड दुभत्या गाईला. पेरणीच्या आधी बैलांना भरपूर. कालवडीला हिरवं. तांबडीला हलकी वैरण, पण बारीक करून आणि वेळेवर. कुणाला सारखं नाही, पण कुणाची गव्हाण रिकामीही नाही. समता आणि न्याय यांतला फरक आम्हाला कॉलेजात दोन तास शिकवला होता. तो इथं एका विळ्यात आणि चार पाट्यांत दिसतो.

तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून कोण पक्कं आणि कोण कच्चं ते पाहिलं, आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, अशी कथा आहे. मला वाटतं, हिवाळा हे तसंच एक थापटणं आहे. पावसाळ्यात बांध हिरवे असताना कुणीही गोभक्त होऊ शकतो. गंज उतरायला लागल्यावर कुणाच्या मडक्यातून काय आवाज येतो, ते खरं. मामांच्या मडक्याचा आवाज खणखणीत आहे. त्यांच्या मुलानं आणि मी आमची डोकी अजून तपासायला दिलेली नाहीत. मामांची स्वतःची गव्हाण कोण भरणार, याचं उत्तर आम्ही दोघांनी काय दिलं, त्यावरून तो आवाज कळेलच. तोवर पुढच्या येळवशीची किरकोळ रजा मी आधीच टाकून ठेवली आहे. या खेपेला कुट्टी मी करणार आहे. तांबडीचे दात पाहता बारीक करावी लागेल, एवढं लक्षात आहे.