घरटे हाही गाभाराच



मंदिरात येणारा भक्त गाभाऱ्याच्या उंबरठ्याबाहेर उभा राहून हात जोडतो. मूर्ती त्यास दिसते, मन भरून येते. परंतु ती उचलून घरी न्यावी असे त्याच्या मनात येत नाही. पाहून तृप्त व्हावे आणि जे पाहिले ते जागच्या जागी राहू द्यावे, यालाच आपल्या परंपरेने दर्शन म्हटले आहे. हा नियम मंदिराबाहेरही, झाडाच्या फांदीवर, माळाच्या मातीत आणि पानाच्या पाठीवर तितकाच लागू आहे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

पक्ष्यांची व कीटकांची अंडी हा विषय देवळाच्या पत्रिकेत कशासाठी, असे कोणास वाटेल. पण आपल्या शास्त्रांनी अंड्यास कधी क्षुद्र मानले नाही. अवघ्या विश्वास आपण ब्रह्मांड म्हणतो, म्हणजे अंडेच म्हणतो. पक्ष्यास द्विज म्हणतो, कारण तो एकदा अंड्याच्या रूपाने आणि पुन्हा कवच फोडून असा दोनदा जन्म घेतो. आम्हा पुजाऱ्यांच्या मुलांस मुंजीनंतर जे नाव मिळते, तेच चिमणीच्या पिलास मुंजीवाचून मिळालेले आहे! अहंकार उतरण्यास एवढा विचार पुरे.

मार्कंडेय पुराणाच्या आरंभी एक कथा आहे. महाभारताविषयीच्या आपल्या शंका घेऊन जैमिनी ऋषी मार्कंडेयांकडे गेले. मार्कंडेयांनी त्यांना विंध्य पर्वतावरील चार पक्ष्यांकडे पाठविले. हे पक्षी जन्मले कोठे? कुरुक्षेत्रावर. युद्ध ऐन भरात असता एक गर्भवती पक्षिणी रणांगणावरून जात होती. अर्जुनाचा बाण तिच्या पोटास लागला आणि चार अंडी भूमीवर पडली. त्याच क्षणी भगदत्ताच्या सुप्रतीक नामक हत्तीची घंटा तुटून खाली आली व त्या अंड्यांवर झाकणासारखी बसली. अठरा अक्षौहिणी सैन्य जेथे नामशेष झाले, तेथे चार अंडी वाचली. युद्धानंतर शमीक ऋषींनी ती घंटा उचलली, पिले आश्रमात नेली, आणि पुढे त्याच पिलांनी जैमिनींस धर्म सांगितला. घंटा देवाला जागविण्यासाठी असते असे आपण मानतो. येथे ती जिवाला झाकण्यासाठी आली. आणि एक गोष्ट ध्यानी ठेवावी. शमीकांनी पिले उचलली, कारण त्यांची आई मेली होती. आई जिवंत असता घरट्यात हात घालण्यास या कथेत कोठेही आधार नाही.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत आणि त्यावर नाथमहाराजांनी आपल्या भागवतात विस्ताराने निरूपण केले आहे. त्या गुरूंत घरट्यातील पिलांच्या मोहाने जाळ्यात पडणारा कपोत आहे, मधमाशी आहे, पतंग आहे, सूत काढणारा कोळी आहे आणि मातीचे घर बांधणारी कुंभारीणही आहे. अवधूताने यांपैकी कोणास पिंजऱ्यात घातले नाही. तो चालता चालता थांबला, पाहिले, शिकला आणि पुढे गेला.

आता आपल्या डिंडोलीत पाहण्यासारखे काय उरले आहे, असा प्रश्न येईल. उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातून येऊन येथे स्थिरावलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी शेतशिवार मागे ठेवले. पण शिवारातील जीव येथेही आहेत.

बांधकामाची वाट पाहणाऱ्या मोकळ्या प्लॉटवर उन्हाळ्यात टिटवी अंडी घालते. घरटे म्हणावे तर मातीतील एक उथळ खळगा आणि भोवती चार खडे. बहुधा चार अंडी असतात. मातकट रंगावर काळे ठिपके असल्यामुळे पावलाखाली येईपर्यंत ती दिसत नाहीत. नर व मादी आळीपाळीने सुमारे चार आठवडे ती सांभाळतात. उन्हाच्या तापात पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात आणि त्या ओलाव्याने अंडी निववितात. रात्री टिटवी ओरडली की आपल्या घरांत अपशकुन समजतात. वाचकहो, ती कोणाचे मरण सांगत नाही. कोणीतरी तिच्या अंड्यांजवळ आले आहे, म्हणून ती आकांत करते. तिच्या ओरडण्यात अशुभ काही असेल, तर ते आपले पाऊल होय.

पाण्याकाठच्या बाभळीवर किंवा ताडावर पावसाळ्यात सुगरणीचे खोपे लोंबतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी या खोप्यावर रचलेले गीत आपल्या आया-आज्यांना मुखोद्गत आहे. नाव स्त्रीचे असले तरी विणकर मात्र नर असतो. १९३० साली अलिबागजवळ किहीम येथे सालिम अली यांनी या पक्ष्यांचे बारकाईने निरीक्षण केले. नर खोपा अर्धा विणून थांबतो, माद्या येऊन तो पारखतात, एखादीने पसंत केला तरच तो पुरा होतो, आणि ती अंड्यांवर बसली की नर दुसरा खोपा विणावयास घेतो, असे त्यांना आढळले. ज्या गावाची चूल यंत्रमागावर चालते, त्या गावास उभ्या-आडव्या धाग्यांची ही पारख निराळी समजावून सांगावयास नको. म्हणून रिकामा दिसणारा खोपा तोडू नये. तो अर्ध्यावर असलेला माग असू शकतो.

कुंभारणीविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. अळी कुंभारणीचे ध्यान करता करता कुंभारीणच होते, हा दृष्टांत आपण कीर्तनांत ऐकतो. चौकटीच्या कोपऱ्यातील किंवा देवांच्या तसबिरीमागील तिचे मातीचे घर ज्याने नीट पाहिले, त्यास निराळे दिसते. ती कोळी किंवा अळी डंख मारून निश्चेष्ट करते, मातीच्या खोलीत ठेवते, तेथेच आपले अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघालेले पिलू ते अन्न खाऊन वाढते व भोक पाडून बाहेर येते. म्हणजे बाहेर येते ती तिचीच संतती. आत कोंडलेला जीव नव्हे. मग दृष्टांत खोटा ठरला काय? मन ज्याचा ध्यास घेते त्याचे रूप त्यास येते, हा सिद्धांत मनाविषयी आहे, आणि तो ज्याने त्याने स्वतःच्या मनात पडताळावा. कीटकाविषयी मात्र डोळ्यांनी पाहिलेले मान्य करावे. जो अवधूत पाहून शिकला, तो दुसऱ्यांदा पाहण्यास भ्याला नसता. सत्यास घाबरणारी श्रद्धा दुबळी असते. आपली तशी नसावी.

आता पूजेशी निगडित गोष्ट. श्रावणात महादेवास बेल आणि शनिवारी मारुतीस रुईच्या पानांची माळ आपण वाहतो. लिंबावर येणारे फुलपाखरू बेलाच्या कोवळ्या पानावरही अंडे घालते. ते फिकट पिवळे, जेमतेम मोहरीएवढे असते. रुईवर नारिंगी पंखांच्या फुलपाखराचे पांढुरके, उभट अंडे असते. थोड्याच दिवसांत त्यांतून अळी निघते. देवास वाहावयाचे पान अखंड व निर्दोष असावे असा संकेत आहे. म्हणून पान खुडण्यापूर्वी ते उलटून पाहावे. अंडे दिसल्यास ते पान झाडावरच राहू द्यावे आणि शेजारचे घ्यावे. भोळा सांब तेवढ्याने रुसणार नाही. त्याच्या नावाने एक जीव वाचला, हीच त्या दिवसाची पूजा.

पूर्वी विद्वानही अंडी गोळा करीत. १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूमसाहेब त्यांपैकीच. भारतीय पक्ष्यांच्या घरट्यांवर व अंड्यांवर त्यांचा ग्रंथ आहे. पुढे थिऑसफीच्या प्रभावाने त्यांनी मांसाहार व पक्ष्यांची शिकार सोडली आणि आपला प्रचंड संग्रह १८८५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. इंग्लंडात कीअर्टन बंधूंनी १८९५ साली घरट्यांवरील पुस्तक छायाचित्रांसह काढले. पक्षी बुजू नयेत म्हणून ते पोकळ बनावट बैलात लपून बसत. संग्राहकाच्या पेटीची जागा अशा रीतीने छायाचित्राने घेतली, हे उत्तम झाले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे, इतकेच नव्हे तर अंड्यांस वा घरट्यांस उपद्रव देणे, हेही शिकारीच्या व्याख्येत धरले आहे.

आज घराघरात मुलांच्या हाती मोबाइलचा कॅमेरा आहे. त्याचा राग करू नये. तो दर्शनाचे साधन होऊ शकतो. परंतु छायाचित्र काढतानाही शिकार घडते. आडवी आलेली डहाळी बाजूला केली की अंड्यांवर ऊन पडते. माणूस घुटमळतो तेथे कावळ्याची नजर जाते. आई उडून गेली आणि आपण तेथेच उभे राहिलो, तर अंडी तापतात किंवा गारठतात. यासाठी आम्ही तरुण मित्रांस एवढेच विनवितो : दुरून काढावे, झगझगीत दिवा लावू नये, फांदी हलवू नये, अंड्यास बोट लावू नये, क्षणभरात निघावे आणि ठिकाण चारचौघांत पसरवू नये. टिटवी ओरडू लागली की आपले दर्शन संपले असे समजावे.

आम्ही वयाने लहान आणि शिक्षण शाळेपुरतेच. तरीही ज्या उंबरठ्याबाहेर उभे राहावयास आमच्या वडिलांनी शिकविले, तो उंबरठा प्रत्येक घरट्यास आहे, हे कळावयास मोठी विद्या लागत नाही. येत्या श्रावणात प्रत्येक घराने मुलांसह बेलाचे एक पान उलटून पाहावे, आणि जे दिसेल ते तेथेच ठेवून यावे.

सर्वेऽपि सुखिनः सन्तु. शुभं भवतु.